मास्तर, मिस्त्री आणि उमेदवार : नवागताला काम शिकविण्याची भाषा

मराठीतील ‘मास्तर’ आणि ‘मिस्त्री’ हे दोन शब्द मुळात एकाच घरचे आहेत. लॅटिनमधील ‘मॅगिस्टर’ या शब्दापासून एकीकडे इंग्रजी ‘मास्टर’ आणि दुसरीकडे पोर्तुगीज ‘मेस्त्र’ ही रूपे सिद्ध झाली. त्यांपैकी इंग्रजी शब्द मराठीत येऊन शाळेत स्थिरावला व ‘मास्तर’ झाला. पोर्तुगीज शब्द त्यापूर्वीच कोकणकिनाऱ्यावर उतरला होता. तो सुताराच्या व गवंड्याच्या कामाशी आणि पुढे यंत्रशाळेशी जोडला जाऊन ‘मेस्त्री’ वा ‘मिस्त्री’ झाला. एकाच मूळ शब्दाचे हे दोन वंशज समाजात मात्र दोन वेगळ्या पंक्तींना बसले. मास्तराने काय शिकवावे, कसे शिकवावे, त्याची पात्रता कोणती असावी, याचा ऊहापोह शिक्षणशास्त्राने विपुल केला आहे. मिस्त्री आपल्या हाताखालच्या नवख्या माणसाला कसे शिकवितो, त्या वेळी तो काय बोलतो आणि नवखा त्याला काय विचारू शकतो, याकडे त्या मानाने फारच थोडे लक्ष गेले आहे.

वस्तुतः हा प्रश्न भाषाभ्यासाच्या कक्षेतलाच आहे. नव्या माणसाला काम शिकविणे म्हणजे त्याला पुष्कळ अंशी त्या कामाची भाषा शिकविणे होय. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या मुंबईच्या उपनगरांत गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत कारखाने उभे राहिले, त्यांतील बरेच बंद पडले किंवा अन्यत्र गेले, आणि त्यांच्या जागी कचेऱ्यांची संकुले आली. परंतु कामावर पहिल्या दिवशी येणारा तरुण आणि त्याच्या शेजारी उभा केलेला अनुभवी माणूस ही जोडी कायम राहिली. या जोडीतील संभाषणाचे स्वरूप काय, ते कशामुळे फलदायी होते आणि कशामुळे खुंटते, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

१. शिकणाऱ्याची व शिकविणाऱ्याची नावे

प्रथम शब्दांचाच विचार करू जाता असे दिसते की, शिकणाऱ्यासाठी मराठीने जी नावे वापरली त्यांत शिकण्यापेक्षा ताबेदारीचा आणि प्रतीक्षेचा अर्थ अधिक आहे. ‘शागीर्द’ हा फारसी शब्द. त्याचा अर्थ शिष्य. परंतु मराठेशाहीच्या कारभारात ‘शागीर्दपेशा’ हे नाव खाजगीकडील नोकरचाकरांच्या वर्गाला होते. शिष्याचे नाव सेवकाला लागावे हा अर्थबदल सहजासहजी घडत नाही. गुरूजवळ शिकावयाचे तर आधी त्याची पडेल ती कामे करावयाची, या प्रदीर्घ व्यवहाराचा तो भाषेवर उमटलेला ठसा आहे.

‘उमेदवार’ या शब्दाची कथा याहून बोधप्रद आहे. तोही फारसीच; ‘उमेद बाळगणारा’ हा त्याचा मूळ अर्थ. कचेरीत जागा रिकामी होईल या आशेवर जो विनावेतन किंवा नाममात्र वेतनावर लेखणी चालवितो, तो उमेदवार. ‘उमेदवारी करणे’ या वाक्प्रचारात आजही हा जुना अर्थ टिकून आहे. निवडणुकीतील उमेदवार हा अर्थ त्या मानाने अलीकडचा. उमेदवार काम करीत करीत शिकत असे हे खरे. पण त्याच्या नावात त्या शिकण्याचा निर्देश नाही, आशेचा आहे. ज्याची आशा दुसऱ्याच्या हाती असते त्याचे बोलणेही त्या आशेच्या धाकात राहते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

शिकविणाऱ्याच्या नावांत दोन गट स्पष्ट दिसतात. ‘उस्ताद’ आणि त्याचेच मराठी रूप ‘वस्ताद’, तसेच ‘मिस्त्री’, ही नावे कसबावर आधारलेली आहेत. ज्याला काम उत्तम येते तो उस्ताद. याउलट ‘मुकादम’ हा अरबी शब्द ‘पुढे ठेवलेला’ या अर्थाचा आहे. तो अधिकारावर आधारलेला आहे. कामाच्या जागी हे दोन गट अनेकदा एकाच माणसात एकवटतात. जो शिकवितो तोच कामावर ठेवतो किंवा काढतो, असे झाले म्हणजे नवागताची अवस्था काय होते, याचे मुंबईतील सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे कापडगिरण्यांतील जॉबर.

२. जॉबरचा धडा

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या सूतगिरणीची स्थापना केली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. त्यानंतर गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. रत्नागिरी, सातारा, पुणे इत्यादी भागांतून आलेल्या माणसांना यंत्रावर उभे करण्याचे काम गिरणीच्या व्यवस्थापकांनी स्वतः केले नाही. ते जॉबरवर सोपविले. माणूस शोधून आणणे, त्याला साच्यावर काम दाखविणे, त्याच्या गैरहजेरीत बदली माणूस देणे, खात्यातील यंत्रांकडे लक्ष ठेवणे आणि शिस्त राखणे ही सर्व कामे त्याचीच. स्त्रियांच्या खात्यांत हेच काम नायकीण करीत असे. गिरणीत शिकण्याची दुसरी शाळा नव्हती. नात्यातल्या किंवा गावातल्या माणसाजवळ उभे राहून हात चालवावयास शिकावे आणि जॉबरने बोलावले म्हणजे बदलीवर जावे, हाच क्रम होता.

या व्यवस्थेत शिक्षण होत नव्हते असे म्हणता येणार नाही. लक्षावधी लोक याच मार्गाने कताई आणि विणाई शिकले. परंतु शिकविणारा आणि नोकरी देणारा एकच असल्याने शिकण्यालाही किंमत पडली. काम मिळविण्यासाठी व टिकविण्यासाठी जॉबरला द्यावयाच्या पैशाला ‘दस्तुरी’ हे नाव होते. ‘दस्तुर’ म्हणजे रूढी. लाचेला रूढीचे नाव मिळाले म्हणजे तिच्याविरुद्ध बोलण्याची सोयही भाषेतून नाहीशी होते. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगाने, ज्यात ना. म. जोशी हेही सभासद होते, १९३१ च्या आपल्या अहवालात जॉबरच्या या एकवटलेल्या सत्तेवर कठोर टीका केली आणि माणसे नेमण्याचा अधिकार त्याच्याकडून काढून घेण्याची शिफारस केली. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली-नियंत्रणाची योजना सुरू केली, तिचा रोखही याच दिशेने होता.

राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जॉबरची सत्ता वाटते तितकी निरंकुश नव्हती, असे दाखवून दिले आहे. वस्तीतील माणसांचा पाठिंबा त्यालाही सांभाळावा लागे. ही दुरुस्ती मान्य केली तरी मूळ मुद्द्याला बाध येत नाही. ज्याच्यापाशी नवागताने ‘मला हे येत नाही’ अशी कबुली द्यावयाची, त्याच्याच हाती त्याची भाकरी असेल, तर ती कबुली दिली जात नाही.

३. उपनगरातील यंत्रशाळा आणि १९६१ चा कायदा

बृहन्मुंबईच्या हद्दीत १९५० मध्ये अंधेरी, घाटकोपरकडील भाग आला आणि १९५७ मध्ये बोरिवली, मुलुंडकडील भाग समाविष्ट झाला. याच सुमारास उद्योगाचा ओघ गिरणगावाकडून उत्तरेकडे वळला. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स, विक्रोळीला गोदरेज, पवईला लार्सन अँड टुब्रो, भांडुपला सिएट, कांदिवलीला महिंद्र अशी यंत्रोद्योगाची आणि रसायनोद्योगाची साखळी उभी राहिली. अंधेरीला मरोळची औद्योगिक वसाहत झाली आणि १९७३ मध्ये तेथेच निर्यातीसाठी सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्राची, म्हणजे ‘सीप्झ’ची, स्थापना झाली. या उद्योगांना लागणारे कसब केवळ शेजारी उभे राहून मिळण्यासारखे नव्हते. नकाशा वाचणे, मोजमापाची साधने वापरणे, यंत्राची गती ठरविणे यांसाठी काही औपचारिक शिक्षण आवश्यक होते.

शिकाऊ उमेदवारीचा कायदा या देशात नवा नव्हता. १८५० च्या कायद्याने, मुख्यतः अनाथ व गरीब मुलांना धंदा शिकता यावा म्हणून, दहा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना जास्तीत जास्त सात वर्षांच्या कराराने धंदेवाल्याच्या हाती देण्याची सोय केली होती. तो रद्द करून १९६१ चा शिकाऊ उमेदवारी अधिनियम आला व १ मार्च १९६२ पासून अमलात आला. त्याने जुन्या ‘उमेदवारा’चे रूप पालटले. उमेदवाराला विद्यावेतन मिळू लागले, प्रशिक्षणाची मुदत धंद्यानुसार ठरली, लेखी करार आला, परीक्षा आणि प्रमाणपत्र आले. मालकाला स्वतःला त्या धंद्याची विहित पात्रता नसेल तर ती असणारा माणूस प्रशिक्षणाच्या कामी नेमण्याचे बंधन घालण्यात आले. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधारकही या कक्षेत आले.

या अधिनियमातील दोन कलमे एकत्र वाचण्यासारखी आहेत. अठराव्या कलमाप्रमाणे शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असून कामगार नव्हे. पण सोळाव्या कलमाप्रमाणे प्रशिक्षणाच्या ओघात त्याला इजा झाली तर कामगारांप्रमाणेच नुकसानभरपाई देण्याची जबाबदारी मालकावर येते. तात्पर्य, कायद्याच्या दृष्टीने तो कामगार नसला तरी त्याचा हात कामगाराच्याच यंत्रात असतो, हे कायद्यालाही मान्य आहे. प्रशिक्षण संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मूळ कायद्याने मालकावर घातले नाही. २०१४ च्या दुरुस्तीने प्रत्येक मालकाने यासंबंधी स्वतःचे धोरण ठरवावे असे सांगितले. म्हणजे ‘उमेद’ हा त्याच्या नावातील अंश अजूनही सार्थ आहे. महाराष्ट्रात २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी, आयटीआय वा पदविका आणि पदवी या पात्रतांप्रमाणे दरमहा ६,०००, ८,००० व १०,००० रुपये विद्यावेतनावर प्रारंभी सहा महिन्यांचे प्रशिक्षण ठरविण्यात आले. तेथेही प्रशिक्षणानंतर काय, हाच प्रश्न प्रशिक्षणार्थींच्या मनात अग्रभागी राहिला, यात नवल नाही.

कायदा मुदत ठरवू शकतो, वेतन ठरवू शकतो, शिक्षकाची पात्रता ठरवू शकतो. शिकविताना होणारे संभाषण मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. कामाच्या जागचे खरे शिक्षण त्या संभाषणातच घडते.

४. दोन परिभाषांमधील दुभाषा

मुलुंडच्या किंवा कुर्ल्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला फलकावर ‘जोडारी’, ‘कातारी’, ‘संधाता’, ‘तारतंत्री’, ‘यंत्र कारागीर’ अशी व्यवसायांची नावे दिसतात. ही शासनमान्य मराठी परिभाषा आहे आणि तिच्यातील काही शब्द चांगले घडलेले आहेत. परंतु तोच विद्यार्थी कारखान्यात जातो तेव्हा जोडारी हा ‘फिटर’, कातारी हा ‘टर्नर’ आणि संधाता हा ‘वेल्डर’ असतो. हत्यारांच्या बाबतीत तर याहून मिश्र स्थिती आहे. कानस, छिन्नी, पक्कड, पाना हे शब्द कायम आहेत. लेथ, चक, टूल, फीड हे इंग्रजीतून आलेले तितकेच रुळले आहेत. आणि उत्तर भारतातून आलेल्या उस्तादाच्या तोंडी हिंदीतील शब्द असतात. कोकणातून आलेल्या मुलाला असा उस्ताद ‘रेती ला’ म्हणून सांगतो तेव्हा तो मुलगा वाळूचा शोध घेऊ लागेल, कारण मराठीत रेती म्हणजे वाळू. उस्तादाला मात्र कानस हवी असते.

हे उदाहरण गमतीचे वाटले तरी त्यातील तत्त्व महत्त्वाचे आहे. उपनगरातील यंत्रशाळेत नवागताला एकाच वस्तूची तीन नावे शिकावी लागतात: पाठ्यपुस्तकातील, कारखान्यातील आणि शेजारच्या माणसाच्या बोलीतील. ही नावे एकमेकांशी जुळवून देणारा दुभाषा म्हणजे अनुभवी कामगार. ज्या कारखान्यात ही जुळवणी कोणी करून देत नाही, तेथे परीक्षेत उत्तम गुण मिळविणारा मुलगाही पहिले काही आठवडे अडाण्यासारखा वागतो. त्याचे ज्ञान कमी नसते. त्या ज्ञानाला तेथे ओळखीचे नाव नसते. वरिष्ठांनी हा फरक ओळखला नाही तर भाषेतील अंतराला बुद्धीतील उणीव समजण्याची चूक होते.

५. ‘असे’ आणि ‘इतके’ यांचा अर्थ

शब्द जुळले म्हणजे शिक्षण संपले असे नाही. कानस चालविताना पुढे जाताना दाब द्यावा व मागे येताना तो सोडावा, कारण कानशीचे दाते पुढे जातानाच कापतात, हे पुस्तकात लिहिता येते. परंतु दाब किती द्यावा हे पुस्तक सांगू शकत नाही. तेथे मिस्त्री ‘असे नव्हे, असे’ किंवा ‘इतकेच, जास्त नको’ एवढेच म्हणतो. व्याकरणाच्या दृष्टीने ‘असे’, ‘इतके’, ‘एवढे’ ही दर्शक रूपे होत. त्यांना स्वतःचा निश्चित आशय नसतो. तो समोरच्या वस्तूकडून आणि प्रसंगाकडून मिळतो. कागदावर उतरविली तर ही वाक्ये पोकळ दिसतात. मिस्त्रीचा हात नवागताच्या हातावर असताना तीच वाक्ये पूर्णपणे अर्थवान असतात.

मायकेल पोलानी यांनी १९५८ व १९६६ च्या आपल्या ग्रंथांत जे प्रतिपादिले, की माणसाला जितके सांगता येते त्यापेक्षा अधिक ठाऊक असते, त्याचा प्रत्यय येथे येतो. यंत्राचा आवाज बदलला, कापाचा रंग बदलला, हाताला कंप जाणवला, ही चिन्हे अनुभवी माणूस वाचतो. त्याला विचारले तर ती सर्व शब्दांत मांडता येतीलच असे नाही. पण ती घडत असता ‘हे ऐक’, ‘आता बघ’ असे म्हणून तो नवागताचे लक्ष नेमक्या क्षणी नेमक्या ठिकाणी नेऊ शकतो. जीन लेव्ह आणि एतियेन वेंगर यांनी १९९१ मध्ये शिकाऊ उमेदवारीच्या अभ्यासावरून मांडले की, नवखा प्रथम समूहाच्या कडेला राहून खरेच काम करतो आणि हळूहळू मध्यभागी येतो. शिकणे म्हणजे हा प्रवास होय. या प्रवासात लक्ष वेधणारी छोटी वाक्येच वाटाड्याचे काम करतात.

यावरून असाही निष्कर्ष निघतो की, शिकविणाऱ्याचे शेजारी असणे ही सोय नसून आवश्यकता आहे. नवागताला पुस्तिका देऊन किंवा चित्रफीत दाखवून एकटे सोडले, तर त्याला नियम मिळतात, पण ‘इतके’ म्हणजे किती, हे मिळत नाही.

६. ‘समजले का?’ या प्रश्नाची मर्यादा

आता या संभाषणाच्या दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे नवागताच्या बोलण्याकडे वळणे प्राप्त आहे. काम दाखवून झाल्यावर शिकविणारा बहुधा ‘समजले का?’ असे विचारतो. उत्तर बहुधा ‘हो’ असे येते. भाषिक दृष्ट्या हा प्रश्न ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर मागणारा आहे आणि शिष्टाचाराने त्यातील ‘नाही’ हा पर्याय जवळजवळ बाद केलेला असतो. ‘नाही’ म्हणणे म्हणजे एक तर स्वतःची मंदता कबूल करणे, किंवा शिकविणाऱ्याने नीट सांगितले नाही असे सुचविणे. म्हणून नवागताच्या ‘हो’चा अर्थ ‘ऐकले’ असा असतो, ‘संपवा’ असाही असतो. ‘समजले’ असा असेलच याची शाश्वती नसते.

नवागत जे प्रश्न विचारतो त्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतील. ‘याला काय म्हणतात?’ हा नावाचा प्रश्न. तो सहज विचारता येतो. ‘हे कसे करायचे?’ हा रीतीचा प्रश्न. तो दोनतीनदा विचारता येतो. ‘हे असेच का करायचे?’ हा कारणाचा प्रश्न मात्र अवघड आहे. मराठीत वडीलधाऱ्याला ‘का’ विचारणे ‘उलट विचारणे’ ठरण्याचा धोका नेहमीच असतो, आणि त्यावर ‘शहाणपणा शिकवू नकोस’ असे उत्तर येण्याचाही संभव असतो. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण अशा वेळी आवर्जून ऐकविली जाते. म्हणीतील दृष्टांत दगडाचा आहे. दगडाला प्रश्न पडत नाहीत, माणसाला पडतात, एवढा भेद ती विसरावयास लावते.

कारणाचा प्रश्न दडपल्याने काय होते याचे उदाहरण लेथवरचे घ्यावे. चक आवळून झाल्यावर त्याची चावी चकमध्ये तशीच राहिली आणि यंत्र सुरू झाले, तर ती चावी वेगाने उडून चालविणाऱ्याला किंवा शेजाऱ्याला गंभीर इजा करू शकते. म्हणून जुने कारागीर नियम घालून देतात की, चावी चकमध्ये असेपर्यंत तिच्यावरचा हात काढावयाचा नाही. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे घालू नयेत, हाही तसाच नियम. हातमोजे संरक्षणासाठी असतात, मग ते का काढावयाचे, हा नवागताच्या मनातील प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, मोज्याचा कपडा फिरत्या भागात अडकला तर हाताला ओढून नेतो. ज्याला हे उत्तर मिळाले तो नियम एकांतातही पाळील. ज्याला मिळाले नाही तो मिस्त्री पाठमोरा होईपर्यंतच पाळील.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४५ या वर्षांत, अमेरिकेत कारखान्यांत लक्षावधी नवे कामगार घ्यावे लागले, तेव्हा ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या योजनेने काम शिकविण्याच्या चार पायऱ्या ठरविल्या: शिकणाऱ्याची तयारी करणे, काम दाखविणे, त्याच्याकडून करवून घेणे आणि पुढे त्याची विचारपूस करीत राहणे. यांतील तिसरी पायरी भाषेच्या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहे. शिकणाऱ्याने काम करीत असता त्यातील महत्त्वाचे मुद्दे आणि त्यांची कारणे स्वतः बोलून दाखवावयाची असतात. म्हणजे ‘समजले का?’ हा प्रश्न विचारावयाचाच नाही. त्याऐवजी ‘आता तू सांग’ असे म्हणावयाचे. एवढ्याशा फरकाने कारण सांगण्याचा अधिकार आणि कर्तव्य नवागताकडे जाते आणि ‘का’ हा शब्द उद्धटपणाच्या आरोपातून मोकळा होतो.

७. मुकादमाचा वेगळा नमुना

शिकविणाऱ्याच्या हाती अधिकार असला म्हणजे संभाषण खुंटतेच असे मात्र नाही. त्याचा एक अपवाद उपनगरातच रोज दिसतो. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या डबेवाल्यांच्या व्यवसायात मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव इत्यादी भागांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली. बोरिवली किंवा अंधेरीकडच्या घरांतून उचललेला डबा शहरातील एखाद्या कचेरीत पोचविण्यासाठी डब्यावर रंग, अंक आणि अक्षरे यांच्या खुणा असतात. त्यांवरून स्थानक, इमारत, मजला ओळखावयाचा असतो. नवागत ही खुणांची लिपी आणि तिच्या पाठीमागचा रस्ता अनुभवी माणसांबरोबर फिरून शिकतो. गटाच्या प्रमुखाला येथेही ‘मुकादम’ असेच म्हणतात. २०२० च्या टाळेबंदीत लोकलगाड्या थांबल्या तेव्हा या व्यवसायाला मोठा फटका बसला. तरी ही व्यवस्था मोडली नाही.

शब्द तोच, पण गिरणीतील जॉबरपेक्षा या मुकादमाचे स्थान निराळे आहे. तो स्वतः धंद्यातला भागीदार आहे आणि अडचण आली तर स्वतः डबा उचलतो. नवागताची चूक ही त्याच्या गटाचीच चूक ठरते. डबा चुकला तर गिऱ्हाईक सर्वांचेच जाते. म्हणून येथे नवागताला ‘ही खूण कोणती?’ असे विचारण्यात कमीपणा नाही. न विचारण्यातच सर्वांचे नुकसान आहे. अधिकार असूनही हित एक असेल तर प्रश्न मोकळा राहतो, हे या उदाहरणावरून दिसते.

८. कचेरीतील मार्गदर्शक

सीप्झमध्ये इलेक्ट्रॉनिक्सपाठोपाठ जडजवाहीर आणि संगणकाशी संबंधित उद्योग आले. अंधेरी, पवई, मालाड येथील कचेऱ्यांत आज रुजू होणाऱ्या पदवीधराला ‘मेंटॉर’ नेमून दिला जातो. हा शब्द ग्रीक महाकाव्यातील ओडिसियसच्या मित्राचा. त्याच्या रूपाने देवी अथीना तरुण टेलिमेकसला वाट दाखविते. १६९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेनेलोनच्या फ्रेंच कादंबरीमुळे ते विशेषनाम युरोपभर सामान्यनाम झाले. कॅथी क्रॅम यांनी १९८५ मध्ये अशा मार्गदर्शकाची दोन प्रकारची कार्ये वेगळी करून दाखविली: नोकरीतील प्रगतीस साहाय्य करणे, आणि नवागताला मानसिक आधार व आत्मविश्वास देणे.

‘मेंटॉर’साठी मराठीत ‘मार्गदर्शक’ हा प्रतिशब्द रूढ होत आहे. पण प्रतिशब्दाने व्यवहार बदलतोच असे नाही. अनेक ठिकाणी हा मार्गदर्शकच परिवीक्षाकाळाच्या अखेरीस नवागताविषयी अहवाल देतो. तेव्हा नाव ‘मेंटॉर’चे असले तरी कार्य जॉबरचे होते. त्यातच संभाषणाची भाषा इंग्रजी असली म्हणजे मराठी माध्यमातून आलेल्या तरुणापुढे दुहेरी अडचण उभी राहते. विषय न समजल्याची कबुली आणि भाषा कच्ची असल्याची कबुली या दोन्ही एकाच प्रश्नातून द्याव्या लागतात. असा तरुण बैठकीत गप्प बसतो व बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर मराठी जाणणाऱ्या सहकाऱ्याला विचारतो. तो सहकारी कोणी नेमलेला नसतो, त्याच्या वेळाची नोंद नसते, त्याचे श्रेयही त्याला मिळत नाही. परंतु खरा मिस्त्री तोच असतो.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, नवागताला शिकविणारा आणि त्याच्या नोकरीचा निर्णय करणारा हे शक्यतो भिन्न असावेत. ते शक्य नसेल तेथे दोघांचे हित एक असावे. मुंबईच्या गिरण्यांनी या धड्यासाठी फार मोठी किंमत मोजली आहे. दुसरी, शिकविण्यात जाणारा वेळ हा कामाचाच वेळ मानला जावा. ज्या कारागिराला आपले ठराविक काम पुरे करून उरलेल्या वेळात शिकवावे लागते, तो ‘इतके’ म्हणजे किती हे दाखविण्यासाठी थांबणार नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देणेही योग्य होणार नाही. तिसरी, नवागताला आपल्या भाषेत प्रश्न विचारण्याची मुभा असावी. यंत्राचे किंवा कचेरीचे नाव त्याला पुढे शिकता येईल, पण न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याला पुढे कोणी देणार नाही.

पदव्युत्तर अभ्यासकांच्या दृष्टीने येथे संशोधनाचे मोठे क्षेत्र मोकळे आहे. बोलींचा अभ्यास गावांत पुष्कळ झाला. यंत्रशाळेतील, आगारातील आणि कचेरीतील मराठीचा अभ्यास त्या मानाने उपेक्षित आहे. उपनगरांतील जुने कारखाने बंद झाल्याने तेथील मिस्त्रींची पिढी निवृत्त होऊन वृद्ध झाली आहे. त्यांची हत्यारे संग्रहालयात ठेवता येतील. त्यांचे ‘असे नव्हे, असे’ मात्र प्रत्यक्ष शिकविताना ध्वनिमुद्रित केले तरच राहील. ते काम अजून शक्य आहे, तोवरच हाती घेतले पाहिजे.